संडेस्कूलमध्ये ऑटिझम असलेला मुलगा आला आहे, त्याला बायबलच्या गोष्टी कशा शिकवू?

रविवारची_ताई

सर्वांना प्रभूत सलाम.

मी तीन वर्षांपासून सहा ते दहा वयाच्या मुलांना संडेस्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवते. वर्गात अकरा मुलं आहेत. दोन महिन्यांपूर्वी मंडळीत एक नवीन कुटुंब आलं. मुलगा आठ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. बोलतो अगदी थोडं, चार-पाच शब्द, आणि तेही घरच्यांनाच कळतात. हातात कायम बाटलीचं एक निळं झाकण असतं, ते जमिनीवर गरगर फिरवत बसतो. अकरा वर्षांची बहीण स्वतःचा वर्ग सोडून त्याच्याजवळ बसते. आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेली असते.

गेल्या रविवारी यरीहोच्या भिंतीचा धडा होता, म्हणजे इस्राएल लोक त्या शहराभोवती फेऱ्या घालतात, शेवटी मोठ्यानं घोष करतात आणि भिंत कोसळते ती गोष्ट. मी हौसेनं खोक्यांची भिंत रचली, मुलांना कागदाची शिंगं करून दिली, एकानं ढोल आणला. "आता सगळे ओरडा!" असं मी म्हटलं आणि पुढच्या क्षणी त्या मुलानं कानांवर हात दाबले, किंचाळला, स्वतःच्या मनगटाला कडकडून चावला आणि दाराकडे धावला. मी त्याला धरायला गेले तर आणखीच घाबरला. आईनं त्याला कवेत घेतलं तेव्हा मनगटावर दातांचे व्रण उमटले होते. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "ताई, तुमची चूक नाही. पण पुढच्या रविवारपासून आम्ही नाही येत."

तेव्हापासून मला चैन नाही. दोन पालकांनी सुचवलं, त्याला वेगळ्या खोलीत खेळणी देऊन बसवा. मला ते पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. त्याला गोष्ट कळते का? कळत असेल तर मला ते कसं समजणार? आणि त्याच्या आईशी काय बोलू? कुणी अशा मुलांना शिकवलं असेल तर कृपा करून सांगा.

मेंढरांची_बाई

ताई, आधी आईला फोन करा, आजच. धड्याचं मग बघू.

सोळा वर्षं मी विशेष मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवते आहे आणि एक गोष्ट पक्की कळली आहे. "आम्ही नाही येत" असं आई म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ती आधी चार ठिकाणांहून परत आलेली असते. कुणी बाहेर काढण्याआधी आपणच निघालेलं बरं, असं तिला वाटत असतं. तिला फोन करून नुसतं "या हो" म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. तो अस्वस्थ व्हायला लागला की आधी काय करतो? शांत व्हायला त्याला काय लागतं? आणि घरी तो "हो" आणि "नको" कसं सांगतो? हे विचारलंत की तिला कळेल, तुम्हाला तिचं मूल वर्गात हवं आहे. उत्तरं लिहून घ्या. त्या मुलाची खरी जाणकार तीच आहे.

ते निळं झाकण त्याच्याकडून कधी काढून घेऊ नका. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका मुलाची दोरी काढून घेतली होती, "आधी गोष्ट, मग दोरी" म्हणून. त्या दिवशी त्याला गोष्टीतलं काहीच पोचलं नाही, माझ्याविषयीची भीती तेवढी पोचली. पुढचे सहा रविवार तो मला पाहिलं की पाठ फिरवायचा. हात गुंतलेले असले, डोळे खाली असले, तरी कान उघडे असू शकतात. आपल्याकडे बघणारं मूलच ऐकतंय ही आपली समजूत आहे.

आता यरीहो. यहोशवाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा उघडा आणि दहावं वचन वाचा. यहोशवानं लोकांना काय आज्ञा केली? मी सांगेन त्या दिवसापर्यंत घोष करू नका, तुमचा आवाज ऐकू येऊ देऊ नका, तोंडातून शब्द काढू नका. शिंगं याजकांची वाजत होती, पण लोक सहा दिवस रोज एक फेरी मुकाट्यानं चालले. सातव्या दिवशी सात फेऱ्या, म्हणजे एकूण तेरा. घोष फक्त शेवटी, एकदाच. आपण मात्र वर्गात त्या एका घोषाचाच धडा करतो आणि तेरा फेऱ्या दोन वाक्यांत उरकतो! चालणं, गोल फिरणं, पुन्हा पुन्हा तेच करणं, न बोलणं, हे सगळं तुमच्या त्या मुलाला जमणारं आहे. हा धडा पुन्हा घ्या. खोक्यांची भिंत मध्ये, मुलं रांगेनं भोवती, प्रत्येक फेरीला एक खोकं किंवा एक खडा मोजायला. शेवटी ओरडण्याऐवजी सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे आणि भिंत ढकलायची. वचनाशी आपण बेइमानी करतोय असं वाटून घेऊ नका. हाताचाही घोष होतो.

धडा सुरू होण्याआधी काय काय होणार हे त्याला दिसायला हवं. चार-पाच चित्रांची पट्टी करा: बसणं, प्रार्थना, गोष्ट, चालणं, घरी. एक झालं की ते चित्र काढून डब्यात टाकायचं. "आता किती राहिलं" हे त्याला बोटांनी चाचपता येतं आणि अर्धी भीती तिथंच जाते. चित्रापेक्षा तुमच्या खोलीचा फोटो असेल तर उत्तम. पण आधी आईला विचारा, घरी किंवा शाळेत कुठली चित्रं वापरता? १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रं देऊन बोलण्याची एक पद्धत सुरू केली, तिला पेक्स म्हणतात. तिच्यात मूल चित्राकडे नुसतं बोट दाखवत नाही, ते उचलून दुसऱ्या माणसाच्या हातात देतं. देणं हेच त्याचं बोलणं. तो ती शिकत असेल तर तुमची चित्रं भिंतीवर चिकटवून ठेवू नका, त्याला काढता येतील आणि तुमच्या तळहातावर ठेवता येतील अशी ठेवा. "नको" किंवा "बाहेर जाऊ" याचंही एक चित्र हवंच. तो ते देईल तेव्हा लगेच बाहेर न्या, "आणखी पाच मिनिटं" असं म्हणू नका. एकदा तुम्ही त्याचं "नको" ऐकलंत की त्याला मनगट चावावं लागणार नाही.

बोलताना छोटं वाक्य, आणि मग थांबायचं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. मला हे थांबणं शिकायला पुष्कळ वेळ लागला, कारण वर्गातली शांतता शिक्षकालाच सोसत नाही. तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारला की त्याच्यासाठी तो नवा प्रश्न होतो आणि पहिल्याचा चाललेला विचार तुटतो.

आणि शब्द जपून. "येशू तुझ्या हृदयात राहायला येतो" असं मी एका मुलीला सांगितलं होतं. ती कितीतरी दिवस छातीला कुणाला हात लावू देईना, आत माणूस शिरणार म्हणून रात्री रडायची. तिच्या वडिलांनी मला शांतपणे समजावलं तेव्हा मी हादरले. तेव्हापासून मी म्हणते, "येशूचं तुझ्यावर प्रेम आहे. तू घाबरतेस तेव्हा तो तुझ्याबरोबर असतो." बस. कोकरू, खडक, द्राक्षवेल या प्रतिमा नंतर, आणि शक्यतो ती वस्तू हातात देऊनच.

"कळतं का" असं विचारलंत. हरवलेल्या मेंढराचा दाखला मी लोकरीच्या दहा मेंढरांनी शिकवते, दाखल्यातली शंभर कुठून आणणार. एक मुलगा होता, अजिबात न बोलणारा. पाच रविवार त्यानं काहीच केलं नाही, फक्त दहा मेंढरं ओळीत लावायची, नाकं एका दिशेला. मला वाटायचं, याला दाखल्याशी काही देणंघेणं नाही. सहाव्या रविवारी मी एक मेंढरू माझ्या ओढणीखाली लपवलं. त्यानं ओळ लावली आणि शेवटच्या रिकाम्या जागेवर त्याचं बोट थांबलं. मग तो उठला. टेबलाखाली, कपाटामागे, चपलांच्या ढिगात, सगळीकडे. तोंडातून बारीक रडवेला सूर. नऊ मेंढरं जागेवर होती याचं त्याला काहीएक समाधान नव्हतं. मी घाईघाईनं मेंढरू काढून दिलं. त्यानं ते गालाला लावलं, बराच वेळ तसाच उभा राहिला आणि मग ओळीत ठेवलं, नाक बरोबर त्याच दिशेला. लूकच्या पंधराव्या अध्यायातला तो मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून एका हरवलेल्यासाठी का निघाला असेल, हे मी त्या दिवशी त्या मुलाकडून शिकले. म्हणून माझं हे नाव.

एकच गोष्ट चार-पाच रविवार घ्या. बाकीची मुलं कंटाळतील अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. त्यांनाही ती पहिल्यांदाच नीट कळते.

लेकीची_आई

वरच्या बाईंनी लिहिलेलं वाचून डोळे भरले. मी शिक्षिका नाही. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर वापरते. बोलता येत नाही, डोळे वर केले की "हो". तिला सगळं समजतं. सगळं.

रविवारची ताई, तुमच्या वर्गात पुढे कधी व्हीलचेअरवरचं मूल आलं तर एक विनंती. बरं होण्याच्या गोष्टी फार सांभाळून सांगा. आमच्या आधीच्या मंडळीत पक्षाघाती माणसाचा धडा झाला. गोष्ट संपल्यावर शिक्षकांनी सगळ्या मुलांना माझ्या लेकीभोवती उभं केलं, हात ठेवून प्रार्थना करायला लावली. त्यांचा हेतू चांगला होता, हे मला ठाऊक आहे. प्रार्थना संपली आणि एका छोट्या मुलानं विचारलं, "ही उठली का नाही? हिचा विश्वास नाही का?" कुणीच उत्तर दिलं नाही. मी मागे उभी होते. तिचे डोळे मला शोधत होते. घरी येऊन ती दोन दिवस कुणाकडे बघेना.

त्याच गोष्टीत केवढं काय आहे! मार्कच्या दुसऱ्या अध्यायात येशू त्याला "ऊठ" म्हणण्याआधी "मुला" म्हणून हाक मारतो. बाजेवर असतानाच तो मुलगा झाला. आणि त्याला उचलून आणणाऱ्या चौघांना आत शिरता का आलं नाही? दारात गर्दी होती म्हणून. लोक वचन ऐकत उभे होते आणि त्यांच्याच पाठींनी वाट अडली होती. चौघांनी छप्पर उसकटलं. आमच्या आत्ताच्या मंडळीत पाळकसाहेबांनी हा धडा मुलांऐवजी मोठ्यांना दिला आणि पुढच्या महिन्यात पायऱ्यांशेजारी उतार झाला. त्याआधी चार जण तिला खुर्चीसकट उचलून नेत. ते चौघं प्रेमळ होते, पण तिला उचलून घ्यायला आवडत नाही, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि शौल राजाचा नातू मफीबोशेथ याची गोष्ट शिकवा. दाईच्या हातून पडला तेव्हा पाच वर्षांचा होता, दोन्ही पाय गेले. दावीद राजा त्याला बोलावून घेतो आणि राजपुत्रांसारखा आपल्या पंक्तीला बसवतो. दुसऱ्या शमुवेलाचा नववा अध्याय संपतो तो याच वाक्यावर, की तो नित्य राजाच्या पंक्तीला जेवी आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाय बरे झाले नाहीत. जागा मिळाली. माझ्या लेकीची ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे. "कुठली सांगू?" विचारलं आणि मफीबोशेथचं नाव आलं की डोळे असे वर जातात की नुसतं बुबुळाखालचं पांढरं दिसतं.

आईशी काय बोलू, असं विचारलंत. तिला कुणी ना कुणी नक्की म्हणालं असेल की हे कुठल्या तरी पापाचं फळ आहे. मला तर नात्यातल्यांनीच म्हटलं. शिष्यांनीही येशूला हेच विचारलं होतं, योहान नऊमध्ये, जन्मांध माणसाकडे बघून: पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं सरळ सांगितलं, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. हे वाक्य मला पहिल्यांदा कुणी तोंडावर वाचून दाखवलं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. सात वर्षं उशीर. तुम्ही तिला उशीर करू नका.

खुणांची_भाषा

थोडंसं माझंही. मी कर्णबधिर मुलांना शिकवतो. मार्क ७:३३-३४ वाचा. बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाला येशू काय करतो? आधी गर्दीतून बाजूला, एकांतात नेतो. मग कानांत बोटं घालतो, थुंकतो, जिभेला हात लावतो, वर बघतो, उसासा टाकतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला काय चाललंय ते दिसावं, स्पर्शानं कळावं, असं सगळं. शब्द एकच, "मोकळा हो", तोही शेवटी. माझी मुलं ही गोष्ट खुणांनी करतात तेव्हा त्या उसाशापाशी सगळी थांबतात.

शिकवताना खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, उजेड आपल्या तोंडावर हवा, नाहीतर ओठ वाचता येत नाहीत. फळ्यावर लिहिता लिहिता बोलू नका. आणि बहिऱ्या मुलाला ओठ वाचता येतात म्हणजे पुरेसं झालं असं समजू नका. त्याची भाषा हातांची आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेत संपूर्ण बायबल २०२० मध्ये पूर्ण झालं. त्याआधी जगातल्या कुठल्याही सांकेतिक भाषेत संपूर्ण बायबल नव्हतं. छापील बायबल आपल्याकडे किती काळ आहे याचा विचार करा, म्हणजे या मुलांना किती थांबावं लागलं ते कळेल.

ताईंच्या मुलाला ऐकू येतं, उलट फारच येतं. पण गर्दीतून बाजूला नेणं त्यालाही लागू आहे. बाजूला नेणं म्हणजे बाहेर काढणं नव्हे. येशू त्या बहिऱ्या माणसाबरोबर गेला होता.

रविवारची_ताई

फोन केला. आई आधी नुसतं "हं, हं" करत होती. तुम्ही सांगितलेले तीन प्रश्न विचारले आणि ती पाऊण तास बोलली. अस्वस्थ होण्याआधी तो झाकण फिरवायचं थांबवतो आणि मुठीत घट्ट धरतो. हे मी दोन महिने बघत होते आणि मला वाटायचं, आता तो लक्ष देतोय! घरी पेक्सची वही आहे, ती ती घेऊन येणार आहे. रविवारी येतील.

योहान नऊचं मी धीर करून विचारलं नाही, नुसतं वाचलं. ती काही बोलली नाही. फोन चालू होता, बंद केला नाही.

आता बहिणीचं काय करू? ती भावाला सोडून जायला तयार नाही. आणि वेगळ्या खोलीची मागणी करणाऱ्या पालकांना काय सांगू?

मेंढरांची_बाई

बहिणीला तिचा वर्ग परत द्या, पण एकदम तोडू नका. अकरा वर्षांची मुलगी दर रविवारी भावाची राखण करते, कुणीतरी तिला "किती गुणी आहेस" म्हणतं आणि तिचा धडा बुडतो. तिच्याही मनात राग असेल, लाज असेल, त्या रागाचीही लाज असेल. तिच्या वर्गाच्या शिक्षकांना सांगा, तिला एकटीला कधीतरी विचारा, "तू कशी आहेस?" भावाचं नाव न काढता.

तिच्या जागी एक ठरलेलं मोठं माणूस हवं, दर आठवड्याला तेच, बदलतं नको. शिवाय खोलीत कायम दोन मोठी माणसं असावीत. मुलाला एकट्या माणसाबरोबर बंद खोलीत कधीही ठेवायचं नाही, कितीही ओळखीचं असलं तरी. न बोलणारं मूल झालेलं सांगू शकत नाही, म्हणून इथे भिडेला जागा नाही. स्वच्छतागृहाची मदत आईवडीलच करतील हेही आधीच बोलून ठेवा. आणि तो वर्गात रुळला की आईला आत उपासनेला बसवा. दाराबाहेरच्या खुर्चीवर तिनं किती वर्षं काढली आहेत कोण जाणे. काही लागलं तर बोलावू असं सांगा आणि खरोखर गरज पडली तरच बोलावा.

पालकांना वाद घालून पटणार नाही. त्यांना एक रविवार वर्गात बसायला बोलवा, यरीहोच्याच दिवशी.

रविवारची_ताई

कालचा रविवार झाला, लगेच लिहिते.

पाच चित्रं, एक डबा, आईनं आणलेली वही. कान झाकायचे हेडफोनही आईनेच आणले. मुलांना आधीच सांगितलं होतं, सहा दिवस लोक एक शब्द बोलले नाहीत, तर आपणही नाही बोलायचं. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता, नुसता पावलांचा आवाज. तो पहिल्या फेरीला उठला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या फेरीला रांगेच्या शेवटी येऊन चालायला लागला, झाकण हातात. सातव्या फेरीला बसला. मी काही म्हटलं नाही. नवव्या फेरीला झाकण थांबलं, मूठ घट्ट झाली. मी "बाहेर" चं चित्र त्याच्यासमोर धरलं. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं आणि परत माझ्याच तळहातावर ठेवलं. आम्ही दोघं आणि मदतीची ताई अंगणात गेलो, झाकण फिरवलं. भिंत पडली तेव्हा आम्ही बाहेरच होतो.

परत आलो तर खोकी पसरलेली. मला वाटलं, झालं, बिनसणार. तो एकेक खोकं उचलून पुन्हा रचायला लागला. सगळी भिंत उभी केली, मग डब्यात हात घालून "चालणं" चं चित्र शोधून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

वर्गाची वेळ संपली होती, उपासना सुटली होती. आम्ही सगळे पुन्हा चाललो. बहीण तिच्या वर्गातून येऊन दारात उभी होती, ती आत आली नाही. ते दोन पालकही होते. काही बोलले नाहीत, पण त्यांच्यातले एक बाबा रांगेत शिरले.

बाई, पुढच्या रविवारी पुन्हा हाच धडा घेऊ ना?

मेंढरांची_बाई

हो. हाच.